तिसऱ्या खिळ्यावरचा बिल्ला

१४ सप्टेंबर १९८४, शुक्रवार

पोचलो एकदाचे वायोमिंगला. ट्रॉयचं घर सोडून आज तिसरा दिवस. साडेतेराशे मैलांत आमच्या स्टेशन वॅगननं एकदाही कुरकुर केली नाही. ते काम पद्मजानं केलं. मी वीस वर्षं मोटारींच्या कंपनीत ब्रेक डिझाइन केले, पण स्वतःची मोटार अशी लांब कधी काढली नव्हती. इथली हवा कोरडी, आकाश एवढं मोठं की बघून मान दुखते, आणि गवत सगळीकडे पिकल्या गव्हाच्या रंगाचं. मी ड्राइव्ह करताना शीळ घालत होतो, असं बायकोचं म्हणणं आहे. असेन.

ट्रिपची आयडिया तिचीच. दोन महिन्यांपूर्वी पोस्टानं ब्रोशर मागवलं होतं. जुन्या गुरांच्या रँचेसमधून फिरणारा सव्वाशे मैलांचा रस्ता, काही डांबरी, काही खडीचा. गाइड नाही, बस नाही. पांढऱ्या खांबांवर नंबर आहेत, त्या त्या नंबरची माहिती ब्रोशरमध्ये. आपण वाचायचं, आपण बघायचं, पुढे जायचं. बारा थांबे, मधे दोन मुक्काम, आणि शेवटी रस्ता फिरून पहिल्याच फाटकाशी येतो. मला असलं आवडतं. कोणाची वटवट नाही.

ही नवी वही खास ट्रिपसाठी घेतली आहे. एक नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवतो: चिरंजीवांचं नाव या वहीत येणार नाही. शेवटच्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून जो मुलगा हायवेवरच्या डाइनरमध्ये अंडी तळतो, आणि वर मला सांगतो की त्यातच त्याला आनंद आहे, त्यानं निदान माझी रजा तरी नासवू नये. गणपतीला मंडळात सगळ्यांना सांगून बसलोय की तो जपानला ट्रेनिंगला गेलाय. श्रीरंग काळे भेटला की विचारतो, काय, जपानी बोलतो का आता? मी हसतो आणि प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो. दोन वर्षं झाली, मी मुलाशी बोललेलो नाही. पद्मजा बोलते. माझी चाहूल लागली की फोन पटकन खाली ठेवला जातो, तेवढं कळतं मला.

१५ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

पहिल्या फाटकाशी रँचची जुनी कचेरी आहे. मिसेस टर्नबुल नावाच्या सत्तरीच्या बाई ती सांभाळतात. त्यांनी आधी कॉफी दिली, मग रीत सांगितली. आत जाणाऱ्या प्रत्येकानं पत्र्याच्या बिल्ल्यावर टोच्यानं आपलं नाव कोरायचं आणि भिंतीवरच्या फळीला खिळे मारलेत, त्यातल्या एकावर तो अडकवायचा. परत आलं की ज्याचा त्यानं काढून घ्यायचा. पूर्वी काऊबॉय हिवाळ्यात गुरांमागे बाहेर पडत, तेव्हा असंच करत. संध्याकाळी एखादा बिल्ला फळीवर राहिला, की तो माणूस अजून बाहेर आहे हे कळायचं आणि बाकीचे कंदील घेऊन शोधायला निघायचे. दुसऱ्याच्या बिल्ल्याला मात्र हात लावायचा नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी माझा अडकवला आणि गाडीकडे गेलो. पद्मजाला वेळ लागत होता म्हणून डोकावलो, तर फळीवर आमचे तीन बिल्ले. तिसऱ्यावर चिरंजीवांचं नाव, देवनागरीत, ठसठशीत. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, देवळात नाही का आपण न आलेल्या माणसाच्या नावानं अभिषेक करत? तुम्ही अमेरिकेत आलात तेव्हा नागपूरला तुमच्या आई दर सोमवारी तुमच्या नावानं करायच्या. तसाच असू दे एक बिल्ला लेकराच्या नावानं.

माझं टाळकं सरकलं. चष्मा विसरला असं तिला सांगून परत गेलो, बाई आतल्या खोलीत होत्या, बिल्ला काढला आणि खिशात टाकला. दुसऱ्या थांब्याला ओढा आहे, त्यावर लाकडी पूल. पद्मजा हरणांचे फोटो काढत होती. मी बिल्ला ओढ्यात भिरकावला. लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. बरं वाटलं.

शनिवार, दुपार

चौथा थांबा म्हणजे फोरमनचं घर. दगडी भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. पद्मजाला ब्रोशर वाचायचा कंटाळा, म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो आणि निम्म्यात थांबलो.

शंभरेक वर्षांपूर्वीची गोष्ट. फोरमनचं आणि त्याच्या तरण्या मुलाचं पटत नव्हतं. मुलगा न विचारता बर्फात बाहेर पडला. बापानं रागाच्या भरात फळीवरचा त्याचा बिल्ला काढून फेकून दिला. संध्याकाळी वादळ आलं. फळीवर बिल्ला नाही, म्हणजे सगळे घरी आहेत, असं धरून कोणी शोधायला गेलंच नाही. मुलगा कधीच सापडला नाही. जुनी माणसं सांगत की तो अजून कुंपणाच्या कडेनं चालतो आणि नावानं हाक मारली तर परत येईल. पण त्याचं नाव कुठल्याच कागदात नाही. आईला मुलगा होता हेच आठवेना, आणि बाप जन्मभर कुंपणाशी उभा राहून नुसता "अरे, अरे" करत राहिला, असं लिहिलंय.

टुरिस्टांसाठी रचलेली भाकडकथा, दुसरं काय. पद्मजानं लसणाची चटणी आणि दशम्या काढल्या होत्या. मला एकच गेली.

शनिवार, संध्याकाळ, मोटेल

पद्मजानं चहा करून समोर ठेवला आणि सांगून टाकलं. तो येतोय. काल सकाळीच गाडी घेऊन ट्रॉयहून निघालाय. सोमवारी पहिल्या फाटकाशी आम्हाला भेटणार, हे दोघांनी दोन महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं. म्हणून ही ट्रिप, म्हणून ते ब्रोशर. बिल्ला बघून तिला वाटलं, आला की आपल्या हातानं काढेल. तो फोनवर म्हणाला होता म्हणे, बाबांना चालणार असेल तरच येतो.

मी म्हटलं, बघू. माझं "बघू" म्हणजे होच असतं, हे तिला पंचवीस वर्षांत कळलंय. ती रडायला लागली. मी बाहेर जाऊन टायरमधली हवा तपासली. चारही टायर ठीक होते, तरी दोनदा तपासली.

डब्यात बेसनाचे लाडू आहेत. मी एक उचलला तर तिनं हातावर चापट मारली. ते त्याचे आहेत.

बिल्ल्याचं सांगितलं नाही. सोमवारी गपचूप दुसरा करून अडकवीन. पत्र्याचा तुकडा तो, कोणाला कळतंय.

१६ सप्टेंबर, रविवार, सकाळ

सातव्या थांब्याच्या अलीकडे कुंपणापलीकडून कोणी चाललं होतं. पाठमोरा, अंगात कोट नाही. गुरं त्याला वाट देत नव्हती, पण त्याला अडतही नव्हतं. डावा खांदा जरा वर. आमच्या घरात तशी चाल एकाचीच आहे. मी हॉर्न दिला. वळला नाही. पद्मजाला दाखवला तर तिला नुसती गुरं दिसली.

आठव्या थांब्याला तोच. आमच्या पुढे. आम्ही ताशी चाळीसनं आलो, वाटेत थांबलो नाही. तो चालतच होता.

रविवार, दुपार

नवव्या थांब्याजवळ पेट्रोल पंप आणि फोन आहे. ट्रॉयला फोन केला. गिरीश म्हणून नाशिकचा एक मुलगा त्याच्या खोलीत राहतो, त्यानं उचलला. मी विचारलं, निघाला का तो वेळेवर? गिरीश म्हणाला, काका, मी एकटाच राहतो इथे, पहिल्यापासून. मला वाटलं थट्टा करतोय. चांगला झापला त्याला. तो बिचारा सॉरी म्हणाला. थट्टा करणारा पोरगा असा सॉरी म्हणत नाही.

गाडीत आलो तर पद्मजा लाडू खात बसली होती. म्हटलं, अगं, हे त्याचे ना? म्हणाली, कोणाचे? खा की तुम्ही पण, उगाच खराब होतील.

रविवार, चार वाजता

भीती वाटते आहे. लिहूनच टाकतो, भीती वाटते आहे. त्याचं नाव लिहावंसं वाटलं. पेन टेकवलं पण. मग म्हटलं, नाही, नियम तो नियम. दोन वर्षं ताठ राहिलो, आता कागदावर कशाला नमायचं. उद्या समोर आला की तोंडानंच हाक मारीन. चांगली मोठ्यानं मारीन. एवढं ठरवलं आणि वही मिटली.

१७ सप्टेंबर, सोमवार, सकाळ

पहिलं फाटक. कोणी नाही. आमच्याशिवाय एकही गाडी नाही.

फळीवर दोन बिल्ले. तिसऱ्या खिळ्यावर गंज, गंजावर कोळ्याचं जाळं. मिसेस टर्नबुल म्हणाल्या, तुम्ही दोघंच तर आत गेलात, कॉफीचे कपही दोनच होते. मग त्यांनीच दुसऱ्या कोणाच्या बिल्ल्याला हात लावला होता का, असं हळूच विचारलं. मी नवा पत्रा मागितला. त्यांनी दिला. टोच्या हातात धरला आणि — पहिलं अक्षरच —

बाहेर येऊन पद्मजाला सगळं सांगितलं. चष्मा, खिसा, ओढा, सगळं. म्हटलं, मार मला, काय वाट्टेल ते बोल. तिनं माझा हात हातात घेतला. आपल्याला मूलबाळ नाही हे तुम्ही अजून किती मनाला लावून घेणार, म्हणाली. इतक्या मायेनं म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाकिटात नायगाराचा फोटो आहे. तिघांचा. होता. ती डावीकडे, मी उजवीकडे, मधे एका माणसाची जागा. माझा हात हवेत, कोणाच्या तरी खांद्याच्या उंचीवर.

सोमवार, दुपार

ओढा. पुलाखाली. गुडघाभर पाणी, बर्फासारखं. तासभर चाचपडतोय. पद्मजा गाडीत बसली आहे, तिला वाटतंय माझी अंगठी पडली.

सापडले. एक नाही — मूठभर. सगळे कोरे. यातला त्याचा कुठला —

पुलावर बसून लिहितोय. हात ओले आहेत.

तो आलाय. कुंपणापाशी. या वेळी तोंड माझ्याकडे आहे. तोच. कपाळावर लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण. रागावलेला नाही. नुसता उभा आहे, लहानपणी शाळेच्या फाटकाशी मी येईपर्यंत उभा राहायचा तसा. हाक मारली की येईल.

जिभेवर आहे. आहे. नागपूरला बारशाला पाळण्यापाशी उत्तरानं, माझ्या बहिणीनं, कानात कुर्र करून — काय सांगितलं — मी तिथेच होतो, मीच निवडलं होतं —

वही पुन्हा चाळली. पहिल्या पानापासून. चिरंजीव. मुलगा. तो. चिरंजीव. लेकरू. तो. तो. कुठेच नाही. एकदाही नाही. मीच —

पाठ फिरवली. चाललाय. डावा खांदा वर.

अरे — अरे थांब —

पद्मजा काच खाली करून विचारते आहे, कोणाला हाक मारताय. सांगतो. सांगतो तिला. त्याचं नाव