बिनखिशाचा झगा

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे न फोडताच फेकशील, म्हणून पत्ता शेजारच्या केमिस्टबाईंकडून लिहून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. चौदा महिने आपण बोललो नाही आणि चूक कोणाची हे मी विचारत नाहीये, मला ठाऊक आहे. लहानपणी मापं घेताना तू एका जागी उभी राहायची नाहीस, गरगर फिरायचीस, म्हणून तर हे नाव पडलं तुला. आज मात्र जरा स्थिर बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्या जोडीला तेही कुरकुरतात. दुकानाला नवा दिवा लावलाय, त्यामुळे आता सुईत दोरा ओवताना मी शिव्या कमी देते. काजं मलाच करावी लागतात, आणि गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात की धाकटीचा हात वेगळा होता. तुझं मशीन झाकून ठेवलंय. परवा त्याला तेल घातलं. का घातलं ते विचारू नकोस.

गुरुदेवांच्या केंद्रातली माणसं अजून येतात, पण कपडे शिवायला नाही. दारात उभी राहून सुस्कारे टाकतात. गुरुदेवांवर काय प्रसंग आला म्हणे! प्रसंग त्याच्यावर आला! कोर्टाच्या फाटकाशी फुलं घेऊन उभ्या राहतात या बायका, गाडी आली की रडतात, आणि तू आत जाताना याच बायका तोंड फिरवून उभ्या राहतात असं ऐकलं. तुझ्यामागून आणखी दोघींनी तक्रार केली, तर आता तुम्ही तिघी ‘एकाच टोळीतल्या’ झालात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हो, मी त्याला अरेतुरे करतेय. बारा वर्षं अहोजाहो केलं ते पुरे झालं.

बारा वर्षं त्याचे झगे मी शिवले. पांढरे, पायघोळ, आतून मऊ अस्तर, पुढे गळ्यापासून पोटापर्यंत गुंड्या. त्याचं ते वाक्य तुला आठवतं ना, दर प्रवचनाला असायचं. दोन्ही हात पसरायचा आणि म्हणायचा, ‘माझ्या कपड्याला खिसा नाही, कारण मला ठेवायचं काही नाही.’ सगळं सभागृह टाळ्या वाजवायचं. मीही वाजवायचे, मागच्या रांगेत बसून, तळहात लाल होईपर्यंत.

आणि भिंगरी, खिसा होता. मीच शिवला होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं मला एकटीला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की डॉक्टरांनी छातीची गोळी कायम जवळ ठेवायला सांगितली आहे, भक्तांना कळलं तर ते घाबरतील, तेव्हा आत एक छोटा खिसा कर आणि कोणाला बोलू नकोस. मी हरखून गेले. दोन हजार माणसांत हे गुपित फक्त मला माहीत, या आनंदात महिनाभर तरंगत होते. भाऊजींना सांगितलं नाही, तुलाही नाही. त्या खुशीत कापताना अस्तर उलटं पसरलं आणि डावीकडचा खिसा उजवीकडे गेला, उजव्या काखेखाली. आता उजव्या हाताचा माणूस तिथे हात घालणार कसा? त्याला डावा हातच घालावा लागणार. इतकी वर्षं कात्री धरून ही चूक! मी ओशाळून झगा उसवायला निघाले, तर त्यानं घालून पाहिला, हसला आणि म्हणाला, असाच राहू दे, इथे कोणाचं लक्ष जायचं नाही. पुढचे सगळे झगे मी तशाच उलट्या खिशाचे शिवले; तुझी काजं करून झाली की खिसा रात्री एकटीनं लावायचे आणि झगा कापडात बांधूनच पाठवायचे. चुकीचाच नमुना कायम केला.

तू मला सांगायला आलीस त्या दिवशीचं मी इथे लिहीत नाही अजून. एवढंच लिहिते की तुला पुरतं बोलूही दिलं नाही मी. झगे पोचवायला तुला मीच पाठवलं होतं, माझी कंबर धरली होती म्हणून. तुझं खरं मानलं असतं तर पाठवणारी कोण, हेही मानावं लागलं असतं. ते मला झेपलं नाही. मग तू पोलिसांत गेलीस, घर सोडलंस, आणि मी खटल्याची एकही बातमी वाचली नाही. नाकाने कांदे सोलत गिऱ्हाइकांना सांगायचे, की आमच्या घरात तो विषय नको.

तीन आठवड्यांपूर्वी केमिस्टबाईंच्या ड्रेसची उंची लावत होते. मी खाली बसलेली, तोंडात टाचण्या, आणि त्या हातातल्या फोनवर बातम्या बघत होत्या. त्याचा वकील कोर्टाबाहेर बोलत होता. हसत होता मेला. म्हणाला, या बाईंच्या जबाबानुसार गुरुदेवांनी डावा हात झग्यात घालून उजव्या काखेखालून किल्ली काढली आणि दाराला आतून कुलूप घातलं. सगळं जग जाणतं की ते डाव्या हाताने चमचाही उचलत नाहीत, आणि खिसा तर त्यांच्या झग्याला नाहीच. मग त्यानं एक झगा उलटा करून सगळ्यांना दाखवला. खिसा नाही. लोक हसले. केमिस्टबाईसुद्धा म्हणाल्या, खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं.

तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी ओरडले नाही. गोळी नव्हती तिथे, किल्ली होती. मी त्याला किल्लीसाठी खिसा शिवून दिला होता. आणि तो उलट्या बाजूला आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. तिसरी तू, आणि तुला ते कळायला एकच वाट होती. त्यात तो दाखवलेला झगा माझा नव्हताच. त्याची कड मशीनवर मारलेली होती! मी आजवर त्याच्या झग्याची कड हातानेच तुरपली, एका जागी बसून, मान मोडेपर्यंत. इतक्या लोकांसमोर तुला खोटं पाडायला तो कोणाचं तरी घाईत शिवलेलं फडकं नाचवत होता.

तरी मी आठ दिवस मूग गिळून बसले, हेही सांगते. घाबरले होते. मग केंद्राचा व्यवस्थापक आला, गोड हसत. म्हणाला, गुरुदेवांच्या झग्यांचे जुने कागद असतील ना, ते द्या, आठवण म्हणून जपून ठेवायचेत. मी सांगितलं, उंदरांनी खाल्ले. तो मांडणीकडे बघत राहिला. मी कात्री हातात घेऊन उभी राहिले आणि तो गेला. तुला माहीतच आहे, मी गिऱ्हाइकाच्या मापाचा कागद कधी टाकत नाही, मेलेल्या माणसांचेही आहेत माझ्याकडे. त्याचाही आहे. खाकी कागदावर खिशाचा तुकडा, तारीख, आणि माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘चुकून उजवीकडे गेला, तसाच ठेवायला सांगितलाय.’ त्याच दुपारी तो कागद गुंडाळून मी सरकारी वकीलबाईंकडे गेले. भाऊजी दुखरा गुडघा घेऊन दोन जिने चढले माझ्याबरोबर. एकदाही कुरकुरले नाहीत.

गुरुवारी अकरा वाजता माझी साक्ष आहे. पण पत्र लिहिलं ते एवढं सांगायला नाही, ते तुला वकीलबाईंकडून कळलंच असतं. त्यांनी मला सावध केलंय, की समोरचा वकील मला नक्की विचारेल, बहिणीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? सख्ख्या बहिणीचासुद्धा विश्वास बसला नाही, हे त्याला सगळ्यांना ऐकवायचंय. मी खोटं बोलणार नाही. तू दारात उभी होतीस, ओढणी उलटी घातलेली, आणि मी म्हणाले होते, ‘तोंड धू, आणि आधी जाऊन त्यांची माफी माग.’ हे वाक्य मला भर कोर्टात पुन्हा उच्चारावं लागणार आहे, आणि ते तुझ्या कानांवर तिथे अचानक पडू नये, म्हणून आज आधी लिहून पाठवतेय. तेव्हा माझ्याकडे बघावंसं वाटलं नाही तर बघू नकोस. उठून बाहेर गेलीस तरी चालेल. मी मात्र त्याच्याकडे नाही, न्यायाधीशांकडेही नाही, तुझ्या खुर्चीकडे बघून सांगेन की असं म्हणाले, आणि चुकले.

तुझीच, तू अजून म्हणू देणार असलीस तर,
ताई