मोडीत काढू नयेत अशी भांडी

मी, वीरभद्रप्पा सिद्धलिंगप्पा तोळनुरे, वय सुमारे अडुसष्ट, धंदा भांड्यांवर नावे घालण्याचा, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण कापणारा हात म्हणजे भ्रमिष्ट डोके नव्हे. पुढे कोर्टात कोणी ते काढू नये म्हणून आधीच लिहून ठेवतो. मला कोणी काही पाजलेले नाही, धाक घातलेला नाही. राग मात्र आलेला आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र टिकते का, असे मी वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, राग शुद्धीत असला तर टिकते.

१. घर. बाळीवेशीतले धाब्याचे घर वडिलार्जित आहे. त्यावर माझा एकुलता मुलगा शिवप्पा याचा जन्मापासून हक्क आहे आणि तो मला मृत्युपत्राने काढून घेता येत नाही, असे वकीलसाहेब सांगतात. तेव्हा अप्पांनी घर दिले, असे शिवप्पाने समजू नये. घर कायद्याने दिले आहे, आभार मानायचे तर कायद्याचे मानावेत. माझी पत्नी सावित्रम्मा हिला चुलीची खोली आणि परसातला आड हयातभर वापरू द्यावा. तिला कोणी “जरा सरका” म्हणू नये.

२. पोस्टात जे काही आहे ते सावित्रम्माचे. किती आहे ते तिला ठाऊक आहे, शिवप्पाने विचारू नये.

३. हत्यारे. टिंबाटिंबाने नाव घालायच्या माझ्या टाक्या, दोन हातोड्या आणि बसायचा पाट कोंडीबा पेंटर यांस द्यावा. ते दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि प्रत्येक अक्षराला मागून सावली घालतात, जणू अक्षर उन्हात उभे आहे. हे मला कधीच पटले नाही व तसे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण ओळ आखल्याशिवाय ते ब्रश उचलत नाहीत. एवढी शिस्त आता सोलापुरात दुसऱ्या कोणाजवळ राहिलेली मला दिसत नाही.

४. ज्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मी उभी हयात बसलो, त्या दुकानाच्या मालकांस माझ्या अंत्ययात्रेला बोलावू नये. त्यांनी मुंबईहून पोलादी ठशांची पेटी आणली आणि मला सांगितले की, आता नोकरसुद्धा नाव ठोकू शकतो. ठोकतोच. घालत नाही. ठशाला पुढचे अक्षर कोणते ते माहीत नसते, म्हणून त्याची मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जाते. लेकीला मायेने दिलेल्या ताटावर तुरुंगातल्या थाळीसारखा नंबर पडतो आणि लोक वर पैसे मोजून तो घरी नेतात. वकीलसाहेबांनी इथे “नालायक” हा शब्द काढायला लावला. मी काढला, पण तो कुठे होता ते कळावे म्हणून हे वाक्य ठेवले आहे.

५. भांडी. या मृत्युपत्राचे खरे कारण हेच. माजघरातल्या फळ्यांवरची जुनी पितळेची व तांब्याची भांडी मी माझ्या कमाईतून, मोडीच्या ढिगातून एकेक निवडून विकत घेतलेली आहेत. ती वडिलार्जित नाहीत. लोक जुनी भांडी वजनावर मोडीत देतात आणि नवी नेतात. जुनी भट्टीत जातात, त्यांच्यावरची नावेही जातात. मी नावाकडे बघून भांडे घेतले; पोचा, भोक, तुटलेली कडी पाहिली नाही. म्हणून गल्लीने मला वेडा ठरवले. एका फौजदाराने तर, इतक्या बायकांच्या नावांची भांडी एका घरात कशी, म्हणून चोर ठरवून चौकीवर बसवून ठेवले. त्याची माफी अजून कोणी मागितलेली नाही.

ही भांडी काय आहेत ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे माहीत नव्हते असे कोणाला म्हणता येणार नाही. अक्कलकोटकडच्या एका घागरीवर एकाच सुनेचे नाव दोनदा आहे: माहेरच्यांनी कानडीत घातलेले, सासरच्यांनी बाळबोधीत. कानडी अक्षरे मांडी घालून बसलेली, बाळबोध ताठ उभी, आणि दोन्ही घरे एका घागरीवर सुखाने नांदतात. एका परातीवर मोडी लिपी आहे, आरंभापासून शेवटपर्यंत एका दमात घातलेली. आणि माढ्याच्या बाजूने आलेल्या भांड्यांवर एका कारागिराचा हात आहे, तो मी अंधारातही ओळखीन. टिंबाला टिंब लागून, ‘क’चे पोट भरलेले, काना किंचित मागे रेललेला. त्याची भांडी पुढ्यात ठेवून मी अक्षर शिकलो. त्या माणसाने तालुकाभरच्या बायकांची नावे घातली, स्वतःचे कुठेच घातले नाही. मी माढ्याला जाऊन विचारले, कोणी सांगू शकले नाही. गुरूचे नाव मला ठाऊक नाही आणि ते ठाऊक असलेले सगळे मरून गेले, याचाही मला संताप येतो.

६. शिवप्पाने काय केले. गेल्या वैशाखात मी करमाळ्याला मुलगी निंगव्वा हिच्याकडे गेलो होतो. तेवढ्यात शिवप्पाने वरची अख्खी फळी पोत्यात भरून मोडीत दिली आणि नवी भांडी आणली. मी परत येऊन पाहतो तर फळी रिकामी. मी जाब विचारला. तो जेवत होता. घास न थांबवता म्हणाला, “अप्पा, पितळंच हाय की. पितळ गेलं, पितळ आलं.”

मी तसाच भट्टीवर गेलो. भट्टीवाल्याने मला बसायला पोते दिले, पाणी दिले आणि म्हणाला, “काका, आमी नावं वाचून टाकत न्हाय.” त्याचे खोटे नव्हते. राखेजवळ एका भांड्याच्या काठाचा तुकडा राहिला होता, त्यावर ‘बजा’ एवढेच. ही बजाबाई कुठली, कोणाची लेक, कोणी तिच्यासाठी ते नाव घालून घेतले, आता विचारायचे कोणाला? माझ्या घरात मी तिला जपले होते आणि माझ्याच घरातून ती भट्टीत गेली. मी भर रस्त्यात रडलो. नव्या भांड्यांवर ठशाने शिवप्पाचे नाव आहे आणि त्यातला ‘व’ कलंडलेला आहे.

७. उरलेली भांडी त्याच वाटेने जाणार, हे मला दिसत होते. मी डोळे मिटायचा अवकाश, शिवप्पा पोते शोधणार. म्हणून मी एका संशोधक गृहस्थांना बोलावणे पाठवले. ते आले, चहा प्याले, आणि एखाद्या राजाचे नाव असते तर नेली असती, असे म्हणून गेले. राजांना ताम्रपट आहेत, शिलालेख आहेत. माझ्या फळीवरच्या सारजाबाईला एक वाटी आहे. ती कोणी ठेवायची?

सावित्रम्मा तीस वर्षे या भांड्यांशी भांडत आली. घरात फळ्या भरलेल्या आणि कार्याला शेजारून पातेले आणायचे, हा तिचा राग, आणि तो खोटा नव्हता. मी यातले एकही चुलीवर चढू दिले नाही, कारण राखेने, चिंचेने घासले की टिंबे झिजतात. फळी गेली तर ती खूश होईल, असे मला वाटले होते. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “घासून घासून नाव जायला शंभर वर्सं लागत्यात. तुमच्या लेकाला एक दुपार पुरली. द्या की वाटून. घराघरांत गेल्यावर कुणाकुणाच्यातनं पोतं भरून आणंल त्यो?”

दुसऱ्या दिवशी मी टाकी घेऊन बसलो आणि पहिले भांडे उलटे केले. 

८. तेव्हा लिहून देतो की, ही सर्व भांडी सावित्रम्माच्या ताब्यात राहतील. बाळीवेशीत ज्या घरी मुलीचे लग्न निघेल, त्या मुलीला तिने यातले एक आहेर द्यावे. जात विचारू नये. मुलीने ते वापरावे, पाणी भरावे, डाळ शिजवावी, खुशाल घासावे. मेलेल्या बाईच्या नावाचे भांडे नव्या नवरीला कसे द्यायचे, असे कोणी म्हणेल. ज्या आडाचे पाणी तुम्ही पिता, तो काय काल जन्मलेल्याने खणला? कोणी चोरीचे म्हणालेच, तर भांडे उलटे करून दाखवावे. प्रत्येकाच्या बुडाला मी माझ्या टाकीने ‘दिले’ एवढेच घातले आहे. शेवटची काही वेडीवाकडी आली, ती बघून शिवप्पाने हसू नये. आहेरावर देणाऱ्याचे नाव घालायची रीत आहे, ती इथे पाळू नये. ठशाने घालतील.

शिवप्पालाही रिकाम्या हाताने ठेवीत नाही. त्याला मी भट्टीवरून आणलेला ‘बजा’चा तुकडा द्यावा. त्याचे मोडीत किती पैसे येतात ते त्याने विचारून पाहावे.

९. हे कलम वकीलसाहेबांनी अनावश्यक म्हणून खोडले होते. मी ते पुन्हा लिहितो. करकंबच्या रंभाबाईचा तांब्या वाटपातून वगळला आहे, कारण तो सावित्रम्माने आधीच घेतला. मला न विचारता तिने तो चिंचेने लख्ख घासला आणि परवा त्यातून मला पाणी दिले. मी ओरडणारच होतो. त्या कारागिराला जागा पुरलेली नाही, नावातला ‘ई’ चढत चढत गळ्यापर्यंत गेला आहे. तांब्या धरला की अंगठा नेमका तिथे बसतो. तीस वर्षे मी ते नाव डोळ्यांनी वाचत होतो. हाताला ते कसे लागते, ते मला माहीत नव्हते. मी पाणी प्यालो आणि आणखी मागितले.

वर लिहिले ते मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांना ऐकवून, त्यांच्या समोर सही केली आहे.

सही: वीरभद्रप्पा सिद्धलिंगप्पा तोळनुरे

साक्षीदार:
१. सिद्रामप्पा मल्लप्पा उंबरजे, अडत दुकानदार, राहणार बाळीवेस
२. रावजी कुंडलिक ढेकळे, मिलमधील जॉबर, मूळ राहणार माढा

मुक्काम सोलापूर, ता. १२ माहे नोव्हेंबर, सन १९३४