ग्लेनिसबाईंचं फाटक

७ जुलै, सकाळी ५
ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीत दाखल. ताफ्यात मी (प्रमुख), बायको नरेल, पंधरा वर्षांची टीगन आणि सासरे क्लेम, वय एकोणऐंशी. सासऱ्यांनी तरुणपणी या भागात गुरं हाकली. मरायच्या आधी इथली तेव्हाची एक घळ पुन्हा बघायचीय म्हणाले. मी म्हटलं, मी नेतो. नरेलने दोनदा विचारलं, नक्की तूच नेणार? बावीस वर्षांत या माणसाने मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. या खेपेला म्हणायला लावतोच.
संकल्प: चिडायचं नाही. कुणाला काही विचारायचं नाही.

दुपारी
सासरे म्हणाले, जावईबापू, चाकांतली हवा कमी करा, या खडीच्या कच्च्या रस्त्यावर टायर फुटतील. मी म्हटलं, हवा काढल्यावर टायरला ताकद कुठून येणार? पन्नास किलोमीटरवर एक फुटला. मालच हलका निघाला.

सायंकाळी ६
तंबू वीस मिनिटांत लागतो असं पिशवीवर छापलंय. दोन तासांत एक खांब उभा. तोवर सासरे लाल मातीत वळकटी पसरून घोरायलाही लागले. वय झालं, दुसरं काय.

८ जुलै
ग्लेनिसबाईंच्या गुरांच्या स्टेशनवर पोचलो; इथे मैलोगणती पसरलेल्या कुरणाला स्टेशन म्हणतात. घळ त्यांच्याच हद्दीत, त्यांनी हो म्हटल्याशिवाय जाता येत नाही. बाई कडक. परवा जा म्हणाल्या, पण एक अट. फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. मी म्हटलं, बाई, पार्किंग खात्यात एकोणीस वर्षं काढलीत, नियम मला नका शिकवू.

९ जुलै, सकाळी ९
सगळे सरपण आणायला निघालो. वाटेत फाटक सताड उघडं! कुणा बेपर्वा माणसाचं काम. टीगन म्हणाली, बाबा, बाईंनी काय सांगितलं होतं? मी समजावलं, नियमामागचा हेतू बघायचा असतो. फाटक लावलं, साखळीला वरून तारेच्या तीन गाठी मारल्या. टीगनकडून फोटो काढून घेतला. सासऱ्यांनी टोपी तोंडावर ओढली. ऊन लागत असेल.

१० जुलै, सकाळी ७
भयंकर प्रकार. सहाशे गुरं कालपासून तारेपलीकडे तहानलेली उभी. पाण्याचे हौद अलीकडे, आणि फाटक बंद! हंबरून हंबरून रान डोक्यावर घेतलंय. ग्लेनिसबाई लालबुंद होऊन आल्या. कुणाचा हा दीडशहाणपणा, म्हणाल्या. मी त्यांच्याहून जास्त चिडलो. असल्या माणसाला या मुलखात पाऊल ठेवू देऊ नये, असं ठणकावून सांगितलं. गुन्हेगार शोधायचीही तयारी दाखवली. तेवढ्यात टीगनने फोटो पुढे केला. पोटची पोर!

सकाळी ७.४०
बाई म्हणाल्या, चला, सामान उचला, घळबिळ काही नाही. सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. इतक्या लांब येऊन हे, एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हटलं, बाई, मला काय करायचं ते करा, पण म्हाताऱ्याला जाऊ द्या. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, ठीक, त्या तिघांना मी नेते. तू इथे फाटकापाशी उभा राहायचं, शेवटचं जनावर पाणी पिईपर्यंत.
गाठी सुटेनात. बाईंनीच पक्कडीने तोडल्या आणि गेल्या.

सकाळी ११
सहाशेच्या सहाशे गुरांना मी हात करून वाट दाखवली. एकही चुकलं नाही. एका गाईने टोपी खाल्ली. माश्या फार. तरी माणसाने ठरवलं तर जनावरंही ऐकतात.

सायंकाळी ५
तिघं परतले. सासरे घळीतल्या पाण्यात कपड्यांसकट उतरले म्हणे, आणि तासभर बाहेर यायला तयार नव्हते. टीगन हसून हसून बेजार. नरेल गाणं गुणगुणत होती. लग्नानंतर प्रथमच ऐकलं.
सासरे ओल्या कपड्यांनी तडक माझ्याकडे आले. पाठीवर हात ठेवला. म्हणाले, शाब्बास, जावईबापू. आज आला नाहीत, फार बरं केलंत.
माझे डोळे भरून आले. पुढच्या वर्षीही येणार नाही, असं तिथल्या तिथे वचन देऊन टाकलं.