दुसरं कार्ड

७ ऑक्टोबर २००७, रविवार

दोन की एक? आठ दिवस डोक्यात दुसरं काही नाही. शेतात भात पिवळं झालंय, बाबा कापणीला माणसं शोधतायत, आणि मी वहीच्या मागच्या पानावर रकाने पाडून बसलोय – डावीकडे 'दोन मध्यम ग्राफिक्स कार्डं', उजवीकडे 'एकच दणकट'.

डावीकडे लिहिलंय : मदरबोर्डवर दोन खाचा आहेतच. मुद्दाम तसला घेतला, येईल त्याला दाखवला. त्यातली एक दीड वर्ष रिकामी! माझ्या कार्डासारखंच दुसरं मिळालं की दोन्ही मिळून चित्र काढतील, गेम नुसता पळेल.

उजवीकडे : उष्णता कमी, वीज कमी, भानगड कमी. पण मोठं कार्ड घ्यायचं म्हणजे भात विकेपर्यंत थांबायचं आणि मग बाबांकडे मागायचं. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली, अजून घरच्या ओटीवर लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसतो. गेमसाठी कार्ड द्या म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

९ ऑक्टोबर

शहापूरला सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवर विचारलं. चार जणांची उत्तरं आली, चारही तीच – एकच घे. काही गेम दुसऱ्या कार्डाला ओळखतच नाहीत, काही अडखळतात. मग मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. "वो मॉडेल तो बंद हो गया, भाई. एक बड़ा लेलो, टेन्शन खतम."

सगळे एकच म्हणतात. मला दोनच हवीत!

तसलं कार्ड माझ्या माहितीत आणखी एकाकडेच आहे. अनंताकडे. कॉलेजातला मित्र, डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरचा, आता मुरबाडच्या कारखान्यात लागलाय. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलं होतं. तो काय, रविवारी तासभर गाड्यांचा गेम खेळणार. त्याला कशाला एवढं कार्ड?

असं मनात आलं. नुसतं आलं.

१४ ऑक्टोबर, रविवार

अनंताच आला. एसटीतून, सीपीयू चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन.

"पडद्यावर रेघा येतात रे, मंग अडकून बसतो. तू बघ. मला काय कळतंय त्यातलं."

तो आत आईशी बोलत चहा घेत होता. मी खोललं. कार्डाच्या पंख्यात धूळ आणि भाताचं भुसकट गच्च बसलेलं. ब्रशने काढलं, पंखा बोटाने फिरवला, चालू केलं. रेघ नाही, काही नाही. काचेसारखं चित्र!

मी बंद केलं. मग हाक मारली.

"गेलं," म्हणालो. "चिप जळली."

"काईच नाय होणार?"

"नाय."

कपाटात माझं एक जुनं साधं कार्ड पडलं होतं, ते त्याच्या मशीनला बसवून दिलं. काय द्यायचं म्हणाला तर मी रागावलो – खरंच रागावलो – "तुझ्याकडून घेऊ का रे?" त्याने खांद्यावर हात ठेवला. "जळकं नेऊन मी काय करू? तुझ्याकडंच ठेव. सुटं काय निघालं तर कामाला येईल."

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

बसवलं नाही. आईने विचारलं, अनंताचं काम झालं का रे? हो म्हणालो.

२१ ऑक्टोबर, दसरा

आईने सकाळीच मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुपारी लाईट आल्यावर माळ काढली आणि दुसरं कार्ड बसवलं. दोन कार्डं एकमेकांना जोडायची पट्टी आधीच आणून ठेवली होती. म्हणजे माझं आधीच ठरलेलं होतं का?

गाड्यांचा गेम – सेकंदाला अडतीस चित्रं, म्हणजे फ्रेम, पडायच्या, आता एकसष्ट. ओरडलोच! मग माझा आवडता जंगलातला गेम लावला. ज्याच्यासाठी हे सगळं केलं. आधी चाळीस, आता एकेचाळीस. वर दर दोन पावलांना अडखळतो. पेटीतून भट्टीसारखी वाफ, पॉवर सप्लायचा किर्रर्र आवाज. चारही जणांनी बरोबर हेच सांगितलं होतं.

एका फ्रेमसाठी!

२५ ऑक्टोबर

दुसरं कार्ड काढलं. एकानेच बरं चालतंय. काढलेलं रुमालात बांधून ट्रंकेत ठेवलंय. परत द्यायचं तर काय सांगून द्यायचं?

१३ नोव्हेंबर

अनंता फराळ घेऊन आला. दिवाळी कशी झाली विचारलं तर म्हणाला, "अपेक्षाचं काम नाय झालं रे."

अपेक्षा त्याची धाकटी बहीण. आयटीआयला नकाशे काढायचं शिकलीय एवढं माहीत होतं. कल्याणला एका साहेबाच्या ऑफिसात जागा होती. त्यांनी एका घराचा नकाशा दिला आणि सांगितलं, दिवाळीच्या आत कॉम्प्युटरवर अख्खं घर उभं करून आण, आतून फिरून दिसलं पाहिजे.

"भिंत सरकवायची तर मशीन पाच-पाच मिनटं अडायची. लाईट असायची तवा मशीन चालायची नाय. शेवटी अर्धं घर सीडीवर भरून नेलं. भिंती हायत, छप्पर नाय. साहेब बोलले, तुझा हात स्लो आहे, बाई."

मी विचारलं, मशीन तिची?

"मग? तिच्यासाठीच घेतली. मी आपला रविवारी गाड्या फिरवतो. तुला बोललो नव्हतो?"

बोलला नसेल. मी विचारलंच नव्हतं कधी.



१८ नोव्हेंबर, रविवार

डोळखांबच्या एसटीने गेलो. कार्ड पिशवीत. रस्ताभर खरं काय ते सांगायची वाक्यं जुळवली. पाड्यावर पोचलो तर खळ्यात झोडणी चाललेली. अनंताची आई – जिवलीकाकी – हातातला पेंढा टाकून उठली, पाणी आणलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "कार्ड दुरुस्त झालं. मुद्दाम घेऊन आलो."

जुळवलेल्यातलं एकही वाक्य नाही!

बसवून दिलं. अपेक्षाने तेच अर्धं घर उघडलं. माउस हलवला की घर गर्रकन फिरायचं, भिंत हवी तिथे सरकायची. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "एवढंच पायजे होतं." मग म्हणाली, "मला वाटलं, माझंच ड्रॉइंग जड झालं. लय शिव्या दिल्या मी मलाच."

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथेच. अनंता शेजारी उभा होता, काकी दारात होती. मी स्क्रू घट्ट करत बसलो. आधीच घट्ट होते.

निघताना काकीने डझनभर अंडी पेंढ्यात बांधून दिली. "देवमाणूस हाय गो ह्यो," शेजारणीला सांगत होती. एसटीत मांडीवर धरून आणली. एक फुटलं नाही. आईने अंड्यांची पोळी केली, मी पोट दुखतंय म्हणालो.

९ डिसेंबर

मुरबाडहून एकाच आठवड्यात तीन कॉम्प्युटर दुरुस्तीला आले. अनंताने कारखान्यात सांगितलंय – शेखर जळलेलं कार्डपण जितं करतो.

बाबा खूश. "चाललं की रे तुझं!"

२४ जानेवारी २००८

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला अनंताबरोबर गेलो. त्याला आईसाठी घोंगडी घ्यायची होती. बैलांच्या बाजारात, खुंट्यांच्या रांगेपाशी उभं राहून त्याला सांगितलं. एका दमात.

"कार्ड जळलं नव्हतं. नुसती धूळ होती. मला दुसरं पायजे होतं."

तो आधी हसला. मला चिडवतोय वाटलं त्याला. मग माझ्याकडे नीट बघितलं.

"त्या दिवशीच ठाऊक होतं?"

"हो."

"चहा घेत होतो मी आत."

"हो."

तो समोरच्या बैलाकडे वळला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने घेतलेली घोंगडी खांद्यावर टाकली. "माझं सोड. तिला सांग. मी नाय सांगणार." आणि गर्दीत गेला. येताना मी एकटा.

२७ जानेवारी, रविवार

पाड्यावर गेलो. अनंता घरी नव्हता – की मला बघून बाहेर पडला, माहीत नाही. अपेक्षाला अंगणातच सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"खेळायला?" एवढंच विचारलं.

"हो."

"मंग? किती फरक पडला?"

खरं सांगितलं. एका गेममध्ये थोडा. जो पाहिजे होता त्यात नाही.

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. तर फाईल घेऊन आली. "शेखरदादा, माफी नको मला. कल्याणच्या साहेबांना सांगा. माझ्यासमोर. माझा हात स्लो हाय असं ते समजतात, ते मला नाय चालणार."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

३१ जानेवारी

कल्याण. साहेबांनी दहा मिनिटं दिली. अपेक्षा खुर्चीत, मी उभा. चोर म्हणून स्वतःची ओळख करून देणं सोपं नसतं! सगळं सांगितलं – पंखा, खोटं, साधं कार्ड, मशीन का अडत होती. साहेब ऐकत होते. मध्येच उलटसुलट विचारायला लागले : रेघा का येतात, कोणतं कार्ड या कामाला चालतं, दोन लावली तर? म्हटलं, दोन नकोच, या कामाला एकच चांगलं. ते लिहून घेत होते.

अपेक्षाने पुरं केलेलं घर दाखवलं. छपरासकट. साहेबांनी दोनदा फिरवून बघितलं. "चांगलंय. पण जागा भरली आता. पुढे निघाली तर कळवू." तिचा पत्ता घेतला. माझा फोन नंबरही घेतला.

परत येताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. शेणव्याला, माझ्या थांब्यावर, मी उतरायला उठलो तेव्हा म्हणाली, "सांगितलंत. बरं झालं."

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचा फोन आला. मला. ऑफिसातली बारा मशीनं सांभाळायला माणूस हवाय. "तुला त्यातलं कळतं. आणि तोंडावर खरं बोलतोस. पुढच्या सोमवारपासून ये."

अपेक्षाचं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. हो म्हणालो.

बाबा पेढे वाटतायत. अनंताला अजून सांगितलेलं नाही.