तबकाखालची गोधडी

मंगळवार, गणपतीला चार दिवस

आज आरे-वारेच्या समुद्रावर जायचं होतं, पण आईने शिवायला बसवलं. देवाच्या चौरंगावर घालायला ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांची इवलीशी गोधडी. मध्येच उठले, शेजारचं मांजर खेळवलं, परत आले आणि मधोमध बाबांच्या जुन्या चौकडीच्या शर्टाचा तुकडा टाचला. बाबांना यंदा मुंबईहून रजा नाही. मुद्दाम टाचला का? खरं तर हो.

आईने बघितलंच. "अगो, वापरलेलं कापड देवाखाली? भटकून भटकून डोकं पण फिरलं काय तुझं?"

"उसवते," म्हटलं. पण कात्री घेऊन नुसतीच बसले. तो चौकडीचा तुकडा काढायचा म्हणजे बाबांना दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटत होतं. हे तिला कसं सांगणार?

तिने गोधडी ओढून घेतली. मला वाटलं, आता उसवणार. तर तिने त्या तुकड्याभोवती आणखी एक धावदोरा घातला, माझ्यापेक्षा कितीतरी बारीक.

"चौरंगाला दुसरी शिव, कोऱ्या कापडाची. ही बाजूच्या टेबलावर, आरतीच्या तबकाखाली," ती म्हणाली. "तबक दरवर्षी तुझे बाबाच धरतात ना."