आठातले पाच

प्रिय जोवेलिन,

परवा तुझा फोन आल्यापासून तुझे ताताय, बाप ना शेवटी, घरात टिकत नाहीत. 'पोरगी विमान घेऊन येतेय, मंगळवारी!' हे धक्क्यापासून चर्चपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, आता दुसरी फेरी चालू आहे. पाद्रीबाबांनी विचारलं, "एकटीच चालवणार का?" तर म्हणाले कसे, "छे, सोबतीला एक कॅप्टन घेतलाय तिने." तू को-पायलट आहेस हे त्यांना कुणी सांगायचं? मी तर नाही सांगणार.

फोनवर तू आईकडे एक गोष्ट मागितलीस. "नानाय, त्या दिवशी आभाळ तूच मोज. वर असताना मला तुझाच रिपोर्ट हवा." मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. तोंडावर उत्तर देता येईना, म्हणून हे पत्र. पण आधी थोडं इकडचं ऐक.

हवामान कचेरीत माझ्या हाताखाली बेनहर नावाचा नवा माणूस आलाय. तिशीचा आहे, बायकोपोरं दक्षिणेत, आणि स्वभावाने इतका सरळ की वैताग येतो. धुरासाठी रिपोर्टात आपण एफ-यू हा कोड लिहितो ना, ते रेडिओवर म्हणायची त्याला लाज वाटते, कारण इंग्रजीत ती शिवी होते. परवा कुणीतरी रान पेटवलं तर हा पायलटला म्हणतो, "साहेब, ते हे आहे... म्हणजे... धूर!" पलीकडून हसण्याचाच आवाज आला. मला तुझीच आठवण झाली. शाळेत बाईंनी विचारलं होतं, बी वरून काय? वर्गातली पोरं बॉल, बनाना म्हणत होती आणि तू उभी राहून म्हणालीस, "बी-आर, विरळ धुकं." बाई तक्रार घेऊन घरी आल्या. ताताय जहाजावरून सुट्टीला आलेले होते. त्यांनी मला विचारलं, आज जेवायला काय? आणि आतून तूच ओरडलीस, "नोसिग!" म्हणजे बदल नाही, कालचीच रताळी आणि सुका मासा. बाईंना काही कळेना, आम्हाला हसू आवरेना.

मग तू गच्चीवर माझ्या मांडीत बसून आभाळाचे आठ भाग करायला शिकलीस. चार भाग भरले तर एस-सी-टी, म्हणजे विखुरलेले ढग. पाच भरले की बी-के-एन, म्हणजे मधे जेमतेम फटी उरलेले ढग. खालच्या ढगांचे पाच भाग झाले की आभाळाला छत धरलं, आणि आपल्या या चिमुकल्या धावपट्टीवर छतातून खाली शिरायचं नाही असा नियम. विमान आल्यापावली परत.

त्याच नियमाने मी तुला रडवलं. सहावीत पहिली आलीस, मेडल ताताय लावणार होते आणि त्याच सकाळी त्यांचं विमान येत होतं. मी पाच लिहिले. विमानाचा आवाज बेटावरून गोल फिरून दूर गेला, तो तू शाळेच्या अंगणात उभी राहून ऐकलास. दुकानवाली तेरेसिंग सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई गं, एक ढग कमी मोजला असतास तर आभाळ काय तक्रार करायला येणार होतं?" मेडल मीच लावलं, तेही वाकडं. तू ते सरळही केलं नाहीस आणि एकोणीस दिवस माझ्याशी बोललीही नाहीस. मी रोज मोजत होते. सवयच ती.

तेव्हा तुला सांगायला हवं होतं ते आज सांगते. एक ढग कमी मोजून मी पाहिलेला आहे.

तू सात महिन्यांची होतीस आणि ताताय अजून तुला भेटले नव्हते. पाच दिवस विमान येऊन परत जात होतं, ते पलीकडच्या शहरात ताटकळत बसले होते. सहाव्या दिवशी मी तीनदा आभाळ पाहिलं. तीनही वेळा पाच. आणि पेन्सिलीने चार लिहिले. विमान ढगातून बाहेर आलं ते इतकं खाली की टेकडीवरची गुरं उधळली. ते सुखरूप उतरलं. ताताय धावत आले, तुला उचललं, तू भोकाड पसरलंस, सगळे हसले. मीही हसले.

म्हातारे कॅप्टन सेवेरिनो सर्वांत शेवटी माझ्यापाशी आले. ओरडले नाहीत. वर बघत बोटांवर मोजलं, पाच. मग म्हणाले, "टेकडी पंखाच्या खाली दिसायला हवी होती, पोरी. मला ती पंखाच्या शेजारी दिसली. अकरा माणसं होती. तू चार म्हणालीस म्हणून मी खाली आलो." एवढंच बोलले आणि चहा प्यायला गेले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. तातायना आजही वाटतं की त्या दिवशी देव पावला.

तर आता तुझं उत्तर. मंगळवारची पाळी मी बेनहरला देऊन टाकली आहे. रेडिओवर माझा आवाज आला नाही म्हणून रुसू नकोस, आणि तो पाच म्हणाला तर निमूट मागे फिर. तुझ्यासाठी केलेला हळदीचा भात तातायना मी भरवीन, तुझं विमान परत गेल्याचं गावाला सांगायचं कामही त्यांचंच. मेडलच्या दिवशी मी पाच होते ते पाचच लिहिले. नवऱ्याला परत पाठवणं जमलं गं मला. पण तू विमानात असशील आणि सात महिने झाले तुला पाहिलेलं नाही, आठही भाग भरून आले तरी मी चारच मोजेन. म्हणून मी सगळ्यांबरोबर कुंपणापाशी उभी राहणार आहे, आणि विमान दिसेपर्यंत वर बघणार नाही.

तुझीच,
नानाय