मी बसले की बंद

३ फेब्रुवारी

पुन्हा बंद! वाक्य अर्धं, पडदा काळा. दोन क्षणांनी आपणच जागा होतो आणि निर्लज्जासारखा पहिल्यापासून सुरू होतो. लिहिलेलं गेलंच.

कॉम्प्युटर सव्वीस वर्षांचा आहे, मान्य. पण धाकट्या बहिणीवर लिहिलेली माझी एकशे अठरा पानं ह्याच्याच पोटात आहेत. मेकॅनिक म्हणतो, ही जुनी अक्षरं नव्या मशीनवर उघडलीत तर नुसते चौकोन दिसतील. राहिलंय शेवटचं प्रकरण — तिचा हॉस्पिटलातला आठवडा. एकोणीसला तिची मुलगी येतेय, एका रात्रीपुरती. मग परदेशी. आई गेली तेव्हा दीड वर्षाची होती पोर. तिला दुसरं कोण सांगणार?

५ फेब्रुवारी

मेकॅनिक आला. खोकं उघडलं, फुंकर मारली, दोघंही शिंकलो. "काकू, पॉवर सप्लाय गेलाय." कुठून तरी जुना आणून बसवला. तासभर चालवून दाखवला, चहा प्यायला, गेला. मी बसले. दहा मिनिटं. बंद!

६ फेब्रुवारी

हे म्हणतात, "अगं, वहीत लिही ना." एकशे अठरा पानं छापील आणि शेवटची हाताने? शाळेतला निबंध आहे का!

९ फेब्रुवारी

दोन दिवस मशीन दुकानात होतं. मेकॅनिक म्हणाला, "एकदाही बंद पडलं नाही. घरची लाइन बघून घ्या." वायरमन आला, मीटर लावून बघितलं. "लाइन चोख आहे. मशीन बघून घ्या." दोघांनी मिळून माझा चेंडू केलाय.

आता दर ओळीला सेव्ह करते. पण तिचा शेवटचा दिवस असा ओळी मोजत लिहिता येत नाही. आठवण येते आणि हात बटणाकडे जातो.

११ फेब्रुवारी

हे खुर्चीवर मांडी घालून दोन तास कॉम्प्युटरवर पत्ते खेळले. काही झालं नाही. मी बसले — सहा मिनिटं!

"तू त्याच्यावर डाफरतेस, म्हणून रुसतो तो. आणि बसतेस तरी किती ताठ! परीक्षेला बसल्यासारखी."

मला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असंच बसवलंय. पाठ सरळ, पाय जुळवून जमिनीवर. कॉम्प्युटरसाठी ह्या वयात मांडी घालू?

१४ फेब्रुवारी

फक्त मी बसले की बंद. का??

बांगड्या काढून बसले. घड्याळ काढलं. नायलॉनची साडी सोडून सुती नेसले. बंद, बंद, बंद. रसायनशास्त्रात पहिली आलेली बाई मी! हे दारातून बघत होते. म्हणाले, "आता काय काढणार आहेस?" दार लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी

अर्धं पान.

१९ फेब्रुवारी

भाची आली. हनुवटी थेट धाकटीची. प्रकरण अपुरं आहे हे सांगताना जीभ जड झाली — माझी!

तिने सगळं ऐकून घेतलं. "मावशी, तू टाइप कर. मी बघते." आणि सरळ टेबलाखाली शिरली. मी लिहीत राहिले. काळोख!

खालून ओरडली, "अगं, हा तुझा डावा पाय! बोर्डातल्या पिनेवर रेलतोय. तू रेललीस की पीन हलते, दचकून मागे झालीस की परत लागते."

"काहीतरीच. मला कळलं नसतं?"

तिने एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीकडे सरकवला. मी बसले. चार तास. एकदाही नाही! प्रकरण पुरं झालं. छापलं. शेवटचं पान तिने उभ्यानेच वाचलं, घडी घालून छातीशी धरलं. मेकॅनिक, वायरमन, हे — सगळ्यांना उद्या बघते.

जेवताना ती सारखी माझ्या पायाकडे बघत होती.

२० फेब्रुवारी

टॅक्सी दारात उभी, आणि ही पेन्सिल घेऊन माझ्या पायाशी बसली. "मावशी, डोळे मीट. टोचलं की सांग."

मिटले. वाट बघितली. शेवटी म्हटलं, "अगं, टोचणार कधी?"

"पाच वेळा टोचलं, मावशी."